रोज धावणाऱ्या गाडीचं कोटिंग: आधी फडकं, मग बाटली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाडी दोन वर्षांची, गडद निळी. रोज ६०-७० किलोमीटर धावते, त्यातला निम्मा रस्ता महामार्गाचा. दिवसभर उघड्यावर उन्हात उभी असते. आठवड्यातून एकदा धुता आणि रोज सकाळी निघण्याआधी कोरड्या फडक्याने धूळ पुसता. गाडी घेताना करून घेतलेलं कोटिंग वर्षभरात दिसेनासं झालं. मागचा उजवा दरवाजा गेल्याच महिन्यात नव्याने रंगवून घेतला आहे. आता वॅक्स, सिरॅमिक, ग्राफीन आणि पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) यांतलं पाच वर्षं टिकेल असं एक काहीतरी निवडायचं आहे.

गेली १८ वर्षं मी गाड्यांच्या रंगावरच काम करतो आहे. तुमची सगळी माहिती वाचताना माझी नजर अडकली ती त्या सकाळच्या फडक्यावर. आठवड्याला एक म्हणजे वर्षाला ५२ वेळा गाडी धुतली जाते, पण फडकं ३०० हून जास्त वेळा फिरतं. रात्रभर बसलेल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, आणि मोहसच्या १ ते १० च्या काठिण्यश्रेणीत क्वार्ट्झ ७ वर आहे. गाडीवरचा पारदर्शक थर त्याच्यापुढे फारच मऊ. फडकं कितीही मऊ असलं तरी ते हे कण गोळा करून पुढे रेटत नेतं, आणि प्रत्येक कण आपली रेघ ओढत जातो. गडद निळ्या रंगावर उन्हात किंवा दिव्याखाली जी गोल गोल जाळी दिसते, ती याच रेघांची. तुमचं पहिलं कोटिंग कुठे गेलं, याचंही बरंचसं उत्तर इथेच आहे. त्याच्या गुणवत्तेबद्दल मला न बघता बोलता येणार नाही, पण इतकं घासणं कोणताही पातळ थर सोसत नाही.

आता आपण नेमकं काय वाचवायला निघालोय ते आधी पाहू, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. कारखान्यात पत्र्यावर आधी गंजरोधक प्रक्रिया होते, मग गाडीचा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने पहिला थर चढवतात. त्यावर प्रायमर, त्यावर रंग देणारा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतं. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे अख्खा रंग दोन केसांएवढा. त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. चमक त्याची, उन्हातली अतिनील किरणं अडवणारी द्रव्यंही त्यातच. तो परत उगवत नाही. प्रत्येक वेळी मशीनने पॉलिश केलं की त्यातला एखाद-दोन मायक्रॉन जातो, जोरदार कंपाउंड (जास्त घासणारं पॉलिश) मारलं तर त्याहून जास्त. तो फार पातळ झाला की काही वर्षांनी उन्हात पांढुरका पडून सोलायला लागतो, आणि मग पुन्हा रंगवण्यावाचून इलाज उरत नाही.

म्हणून मी कोटिंगकडे क्लिअर कोटच्या वतीने झिजणारा थर म्हणून पाहतो. झिजणं हे त्याचं कामच आहे. ते झिजलं म्हणून वाईट मानू नका. त्याच्या झिजण्यामुळे तुमच्या गाडीला पॉलिशची गरज किती कमी वेळा पडली, हे बघा.

वॅक्सपासून सुरुवात करतो, कारण हल्ली त्याला उगीच कमी लेखलं जातं. चांगल्या वॅक्समध्ये कार्नौबा असतं, ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळणारं मेण. ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं. नैसर्गिक मेणांत हे खूपच जास्त आहे, पण बाटलीत किंवा डबीत ते तेलं आणि द्रावकं मिसळून मऊ केलेलं असतं आणि गडद रंगाचं बॉनेट उन्हात ७० अंशांच्या वर सहज तापतं. शॅम्पूही ते दर धुण्यात थोडं थोडं काढत राहतो. गडद रंगावर वॅक्स जी खोल, ओलसर झळाळी देतं ती मला आजही आवडते. पण तुमच्यासारख्या रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीवर ते चार-सहा आठवडे टिकतं. दर महिन्याला रविवारचे दोन तास आनंदाने देणारा माणूस असेल तर जरूर लावावं. बाकीच्यांनी त्याच्या नादी लागू नये.

सीलंट म्हणजे कृत्रिम पॉलिमरचं वॅक्स म्हणा हवं तर. पातळ द्रव किंवा स्प्रे, लावायला सोपं, तीन ते सहा महिने टिकणारं. चुकून जास्त लागलं तरी पुसून निघतं, नुकसान काही नाही. त्याची जाहिरात फारशी होत नाही, पण ज्यांना गाडी नीट धुणं शक्य नाही, किंवा जी गाडी दोन-तीन वर्षांत विकायची आहे, त्यांना मी बेधडक सीलंटच सांगतो.

सिरॅमिकबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण सर्वांत जास्त गैरसमज याच्याबद्दल आहेत. बाटलीत सिलेन, सिलॉक्सेन किंवा पॉलिसिलाझेन जातीची द्रव्यं द्रावकात विरघळलेली असतात. ती रंगावर पसरली की द्रावक उडून जातं आणि उरलेले रेणू हवेतल्या आर्द्रतेशी प्रक्रिया करून एकमेकांत गुंफले जातात. सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या साखळ्यांचं एक घट्ट जाळं तयार होतं. ते शॅम्पूने धुऊन जात नाही, उन्हात वितळत नाही, आणि सौम्य आम्ल-अल्कलींना वॅक्सपेक्षा किती तरी चांगलं तोंड देतं. इथपर्यंत सगळं खरं आहे आणि म्हणूनच मी स्वतः ते वापरतो.

पण या जाळ्याची जाडी किती? बहुतेक वेळा एका मायक्रॉनच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. आणि बाटलीवर ठळक छापलेलं असतं ९एच. हे ऐकून अनेकांना वाटतं की हिऱ्याच्या खालोखाल काहीतरी असणार. ९एच हा पेन्सिलीचा दर्जा आहे. रंगाच्या थराची परीक्षा घ्यायला वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ४५ अंशात धरून ठरावीक वजनाखाली पुढे ढकलतात आणि कोणत्या पेन्सिलीने थर कापला जातो ते बघतात. त्या संचातली सर्वांत कडक पेन्सिल म्हणजे ९एच. पेन्सिलीचं शिसं हे ग्राफाइट आणि मातीचं मिश्रण असतं, त्यामुळे त्या ९ चा मोहसच्या श्रेणीतल्या ९ शी काही संबंध नाही. शिवाय एक मायक्रॉनचा थर जर मऊ क्लिअर कोटवर बसला असेल, तर दाब पडल्यावर खालचाच थर दबतो. वरचं कवच कितीही कडक असलं तरी त्याला खालून आधार नसतो. म्हणून सिरॅमिक केलेल्या गाडीवरही कोरडं फडकं मारलं की ओरखडे येतात. थोडे कमी येतात, पण येतात.

मग फायदा कशात आहे? घाण चिकटत नाही, यात. पाण्याचा थेंब पृष्ठभागाशी ९० अंशांहून मोठा कोन करून बसला तर त्या पृष्ठभागाला जलविरोधी म्हणतात. चांगल्या सिरॅमिकवर हा कोन १०० ते ११० अंशांच्या घरात असतो. चिखल, धूळ, किडे, डांबराचे ठिपके यांची पकड सैल होते, फेस आणि पाण्याच्या झोताने बरीचशी घाण हात न लावता निघून जाते. हात कमी लागला म्हणजे ओरखडे कमी. सिरॅमिक गाडीचं रक्षण करतं ते बहुतांशी असं, धुणं सोपं आणि सुरक्षित करून. पण हे तेव्हाच, जेव्हा तुम्ही गाडी आधी झोताने धुणार असाल. धुळीवर थेट फडकं फिरवणाऱ्याला त्या कोनाचा काडीचाही उपयोग नाही.

याच गुणाची दुसरी बाजू म्हणजे पाण्याचे डाग. पाणी मण्यांसारखं उभं राहतं आणि गाडी उन्हात असेल तर तिथल्या तिथे आटतं. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, तेही एका छोट्या वर्तुळात एकवटून. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे हे पांढरे गोल पहिल्या दिवशी सहज निघतात, महिनाभर उन्हात शिजले की थराला खातात. थेंब भिंगासारखा काम करून रंग जाळतो असं बऱ्याचदा सांगितलं जातं, पण मी आजवर काढलेले डाग क्षारांचेच होते. तुमची गाडी उघड्यावर असते, म्हणून हे तुम्हाला विशेष सांगतो: सिरॅमिक केल्यानंतर पाण्याच्या डागांची तक्रार वाढू शकते. त्यावर उपाय कोटिंगमध्ये शोधू नका. गाडी सावलीत धुवा, एक-एक भाग करत धुवा, आणि पाणी वाळू न देता जाड मायक्रोफायबर टॉवेलने टिपून घ्या. तरी डाग राहिलेच तर व्हिनेगर आणि शुद्ध पाणी समप्रमाणात घेऊन, पत्रा थंड असताना, मऊ कापडाने एक-दोन मिनिटं लावा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. त्याने निघाले नाहीत तर थरात खड्डा पडला आहे असं समजा. तो पॉलिशनेच जातो, आणि पॉलिशबरोबर तिथलं कोटिंगही जातं.

पक्ष्यांच्या शिटेचंही असंच आहे. त्यात यूरिक आम्ल असतं, आणि तापलेल्या पत्र्यावर वाळताना ती रंगाला घट्ट धरून आक्रसते. उघड्या क्लिअर कोटवर उन्हाच्या दिवशी काही तासांत कायमचा ठसा उमटलेला मी पाहिला आहे. सिरॅमिक तुम्हाला त्यातले थोडे तास वाढवून देतं. दोन दिवसांची मोकळीक मात्र देत नाही. गाडीत एक पाण्याची स्प्रे बाटली आणि दोन स्वच्छ मायक्रोफायबर ठेवा. शीट दिसली की भिजवा, दोन मिनिटं थांबा, मग चिमटीत उचलल्यासारखी उचला. पुसू नका, कारण तिच्यातही कचकच असते.

ग्राफीनवर फार वेळ घालवत नाही. ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूएवढा जाड थर, हे अद्भुत द्रव्य आहे. मँचेस्टरमध्ये २००४ मध्ये गाइम आणि नोव्होसेलोव यांनी ते वेगळं करून दाखवलं आणि २०१० मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण गाडीच्या कोटिंगच्या बाटलीत पाया सिलिकॉनच्याच रसायनाचा असतो, त्यात ग्राफीन ऑक्साइडचा अंश मिसळलेला असतो. मी लावलेल्या कोटिंगांत दोघांच्या टिकण्यात मला सांगण्यासारखा फरक दिसला नाही. ग्राफीन लिहिलंय म्हणून नाकारू नका, आणि तेवढ्यासाठी जास्त पैसेही मोजू नका.

टेफ्लॉन कोटिंग या नावाने जे मिळतं, तेही समजून घ्या. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, आणि ते वितळतं ३२७ अंशांना. तव्यावर ते भट्टीत भाजून बसवतात. गाडीच्या रंगावर तेवढी उष्णता देता येत नाही, त्यामुळे या नावाखाली जे लागतं ते व्यवहारात एक सीलंट असतं. सीलंट म्हणून त्याला तीन-चार महिन्यांचे गुण द्या, तेवढेच. तुमचं पहिलं कोटिंग याच जातीचं असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

आता पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म. ही गोष्टच वेगळ्या वर्गातली आहे. चांगली फिल्म टीपीयू म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची असते, १५० ते २०० मायक्रॉन जाड. आत्ता सांगितलेल्या सिरॅमिकच्या शेकडो पट. महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेला खडा बॉनेटवर आपटतो तेव्हा त्याचा आघात झेलण्याएवढी जाडी फक्त हिच्यातच आहे. वॅक्स, सीलंट, सिरॅमिक, ग्राफीन, यातलं एकही टवका उडणं थांबवत नाही. कोणी थांबवतं म्हणालं तर तिथून उठावं. फिल्मच्या वरच्या थरातले बारीक ओरखडे उन्हाने किंवा कोमट पाण्याने आपोआप भरून येतात, तेही खरं आहे. मात्र खोल चीर भरत नाही.

पण फिल्मचे आपले त्रास आहेत. स्वस्तात मिळणाऱ्या काही फिल्म पीव्हीसीच्या असतात, त्या कडक होतात, पिवळ्या पडतात आणि काढताना तुकड्या-तुकड्याने निघतात. विचारताना 'पीपीएफ आहे का' असं न विचारता 'टीपीयू आहे का, आणि रोलवर तसं लिहिलेलं दाखवता का' असं विचारा. दुसरं, फिल्म कशी कापणार ते विचारा. गाडीच्या मापाने संगणकावर कापून आणलेली फिल्म मी पसंत करतो. गाडीवर अंथरून ब्लेडने कापायची पद्धतही आहे आणि सराईत हात ते छान करतो, पण ब्लेड किंचित खोल गेलं की क्लिअर कोटवर सरळ चीर पडते आणि ती फिल्म काढेपर्यंत कळत नाही. एकदा माझ्याकडे दुसरीकडून फिल्म लावून आलेली पांढरी गाडी आली होती. बॉनेटच्या कडेने फिल्म उचलली आणि खाली केसाएवढी रेघ, त्या रेघेत गंजाची सुरुवात. मालक बराच वेळ काही बोललेच नाहीत. तेव्हापासून मी माझ्या माणसांना रंगावर ब्लेड टेकवूच देत नाही. कडा दुमडायला जागा नसेल तर कडेपासून दोन मिलिमीटर फिल्म आत घ्या, असं सांगतो.

तर तुमच्या गाडीचं काय? पूर्ण गाडीला फिल्म लावायची गरज मला वाटत नाही. खडे बसतात ते पुढच्या बंपरवर, बॉनेटच्या पुढच्या भागावर, आरशांच्या पाठीवर, हेडलाइटवर आणि मागच्या चाकापुढच्या पट्टीवर. निम्मा प्रवास महामार्गाचा असल्यामुळे या जागांना टीपीयू फिल्म लावा. बॉनेटला मात्र पूर्ण लावा. अर्ध्यावर फिल्म संपली की त्या रेषेत धूळ बसते आणि गडद निळ्यावर ती काळी रेघ रोज डोळ्यांत खुपते. बाकी गाडीला एक थर चांगलं सिरॅमिक, फार तर दोन. पाच-सहा थरांच्या योजना विकल्या जातात, पण पहिला थर पूर्ण गुंफला गेला की पुढच्याला धरायला जागाच कमी राहते. दुसरा थर मी लावतो तो कुठे सुटलं असेल तर भरून यावं म्हणून.

आणि हे सगळं सकाळचं फडकं बंद करणार असाल तरच. ते सुटणार नसेल तर सिरॅमिकवर पैसे घालू नका. पुढच्या भागाला फिल्म लावा, बाकी गाडीला दर तीन-चार महिन्यांनी स्वतः सीलंटचा स्प्रे मारा. ही दुय्यम निवड मुळीच नाही. बिनापाण्याच्या पुसण्यात सिरॅमिकचा थर कोणत्याही अंगाने वसूल होत नाही, एवढंच. धूळ बघवतच नसेल तर फक्त काचा ओल्या कापडाने पुसा आणि रंगाला हात न लावता निघा. धूळ बसून राहिल्याने रंगाचं फारसं काही बिघडत नाही, ती घासल्याने बिघडतं.

पाच वर्षांबद्दल. बाटलीवरची पाच वर्षं ही अनुकूल परिस्थितीतली असतात. रोज धावणाऱ्या, उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीवर मी लावलेलं चांगलं सिरॅमिक दीड ते तीन वर्षं नीट काम करताना पाहिलं आहे. हमीचा कागद मिळाला तर तो सही करण्याआधी वाचा. बऱ्याच हमींमध्ये दर वर्षी त्याच ठिकाणी पैसे देऊन देखभाल करून घ्यायची अट असते आणि पाण्याचे डाग, शीट, ओरखडे वगळलेले असतात. म्हणजे ज्या गोष्टींसाठी कोटिंग करायचं त्याच बाहेर.

कोटिंगपेक्षा त्याआधीची तयारी महत्त्वाची असते, आणि कामाचे खरे तास तिथेच जातात. आधी धुणं. मग लोखंडी कण काढायचा स्प्रे. ब्रेकमधून उडालेले लोहकण रंगात रुतून बसतात, हा द्रव त्यांना विरघळवताना जांभळा होऊन वाहतो. पहिल्यांदा बघणारा माणूस दचकतो, पण ते बघण्यासारखं असतं. मग डांबर काढणं, मग क्ले, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मातीसारखी वडी. हे सगळं झाल्यावर हात फिरवला तर पत्रा काचेसारखा लागला पाहिजे. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळून बोटं फिरवा, राहिलेला एकेक कण जाणवतो.

मग पॉलिश. इथे मला कळकळीने सांगायचं आहे. दोन वर्षांच्या गाडीवर सगळे ओरखडे काढायचा हट्ट धरू नका. एक हलकं पॉलिश, डीए मशीनवर (पॅड फिरवता फिरवता हलवणारं पॉलिशचं यंत्र), मऊ पॅडने. सत्तर टक्के जाळी गेली तर थांबा. उरलेले चार खोल ओरखडे काढण्यासाठी पाच मायक्रॉन गमावणं हा रोजच्या गाडीसाठी आतबट्ट्याचा व्यवहार आहे. काम करणाऱ्याकडे जाडी मोजायचा गेज हवा आणि त्याने तो तुमच्यासमोर जागोजागी लावून बघायला हवा. एक लक्षात असू द्या, साधा गेज एकूण जाडी सांगतो, त्यातला क्लिअर कोट किती ते सांगत नाही. १२० मायक्रॉन दिसले म्हणून खरवडायला मोकळीक मिळत नाही. शिवाय प्लॅस्टिकच्या बंपरवर हा गेज चालत नाही, तिथे अनुभवानेच हात आवरावा लागतो.

पॉलिश झाल्यावर गाडी बघायला जा, कोटिंग लागायच्या आधी. काही पॉलिशमध्ये तेलं आणि भर घालणारी द्रव्यं असतात, ती ओरखडे बुजवून दाखवतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पाण्याने किंवा पॅनेल वाइपने (तेल काढणारा द्रव) बॉनेट पुसायला सांगा आणि बाजूने टॉर्च मारून पाहा. जे दिसेल ते खरं. जाळी परत दिसली तर ती निघालेलीच नव्हती. कोटिंगही त्या तेलावर बसलं असतं आणि दोन महिन्यांत निघून गेलं असतं. चांगला कारागीर या मागणीने रागावत नाही. मला तर असा ग्राहक आवडतो, कारण तो काम समजून घेतो.

स्वतः लावायचा विचार असेल तर सीलंट जरूर लावा, सिरॅमिक विचार करून. ते दोन-दोन फुटांच्या चौकोनात लावून, थर किंचित इंद्रधनुषी दिसू लागला की पुसून एकसारखं करायचं असतं. ही वेळ उष्णता आणि दमटपणाप्रमाणे एक मिनिट ते तीन-चार मिनिटं अशी बदलते. पुसायला उशीर झाला किंवा कुठे जास्त राहिलं तर गडद डाग घट्ट होऊन बसतो आणि पॉलिशशिवाय निघत नाही. गडद निळ्यावर तो लपणारही नाही. बंद, धूळविरहित जागा आणि भरपूर उजेड नसेल तर हे काम जाणकाराकडेच द्या. पुसायचे मायक्रोफायबर मात्र परत वापरू नका, त्यात शोषलेलं कोटिंग काचेसारखं कडक होतं.

तुमचा नव्याने रंगवलेला दरवाजा यातून आत्ता वगळा. कारखान्यातला रंग भट्टीत भाजलेला असतो. दुरुस्तीचा रंग कमी तापमानाला सुकतो आणि त्यातली द्रावकं पुढे काही आठवडे बाहेर पडत राहतात. त्यावर लगेच सिरॅमिक किंवा फिल्म लावली तर ती द्रावकं आत अडकून रंग मऊ राहू शकतो, फुगवटे येऊ शकतात. रंगवणाऱ्याला कोणता रंग वापरला ते विचारा आणि त्या रंगाच्या उत्पादकाने सांगितलेला काळ पाळा. तो ३० दिवसांपासून ९० दिवसांपर्यंत असतो. घाई नसेल तर पूर्ण ९० दिवस थांबा आणि गाडीचं सगळं काम तेव्हाच एकदम करा. तोपर्यंत त्या दरवाजाला साधं पाणी आणि सौम्य शॅम्पू पुरे.

कोटिंग झाल्यावर पहिले १२ ते २४ तास पाण्याचा थेंब लागू देऊ नका, आणि साधारण आठवडाभर शॅम्पू नको. मग आठवड्याचं धुणं असं करा: आधी झोताने धूळ उडवा, फेस मारून चार-पाच मिनिटं थांबा, पुन्हा झोत. मग दोन बादल्या, एक शॅम्पूची, एक साध्या पाण्याची. मऊ मिट (धुण्याचा हातमोजा) दर भागानंतर साध्या पाण्यात खंगाळून मगच शॅम्पूत बुडवा. छतापासून खाली या, चाकांना वेगळा कपडा. पीएच उदासीन असलेला शॅम्पू घ्या, भांड्यांचा साबण नको. फिरत्या ब्रशच्या यंत्रात गाडी घालू नका, तुमच्या आधीच्या गाडीची वाळू त्या ब्रशात असते.

सहा-आठ महिन्यांनी पाणी पूर्वीसारखं घरंगळत नाही असं दिसेल, तेव्हा कोटिंग गेलं असं लगेच ठरवू नका. बऱ्याचदा त्यावर धुराचा, क्षारांचा, डांबराचा थर चढून ते बुजलेलं असतं. लोहकणांचा स्प्रे आणि एक नीट धुणं दिलं की मणी परत उभे राहतात. त्यानंतर सिरॅमिकला जुळणारा टॉपर (कोटिंगवर मारायचा संरक्षक स्प्रे) मारा, दर तीन-चार महिन्यांनी. झीज आधी टॉपरची होते, मग मूळ थराची.

फिल्मचं काम करून घ्याल तेव्हा चार दारांच्या मुठींमागच्या खोलगट वाट्यांनाही तुकडे लावून घ्या. नखांचे आणि अंगठ्यांचे सर्वांत दाट ओरखडे तिथेच असतात, तिथे पॉलिशचं पॅड नीट पोहोचत नाही, आणि बॉनेटसाठी फिल्म कापताना उरलेल्या तुकड्यांतून हे चार सहज निघतात.